विषय आणि प्रश्न : खानदेशातील नव्या मराठी संशोधकाच्या पहिल्या वर्षाविषयी

१. प्रास्ताविक

मराठी विषयात एम. ए. झालेला विद्यार्थी पीएच्. डी.च्या विचाराने विभागात येतो तेव्हा त्याच्या बोलण्याची सुरुवात बहुधा एका ठरलेल्या विनंतीने होते : 'सर, एखादा विषय द्या.' या विनंतीत नम्रता असते, मार्गदर्शकावरचा विश्वासही असतो; परंतु तिच्यात संशोधनाविषयीची एक मूलभूत गैरसमजूत दडलेली असते. विषय ही कोणीतरी कोणाला तरी देण्याची वस्तू आहे आणि ती एकदा हाती आली की प्रकरणे पाडणे, अवतरणे जमविणे व निष्कर्ष लिहिणे एवढेच काम उरते, अशी ती समजूत आहे. या समजुतीतून सुरू झालेले संशोधन पदवीपर्यंत पोहोचत नाही असे नव्हे. पुष्कळदा ते पोहोचतेही. मात्र त्यातून मराठीच्या अभ्यासाला नवे असे काही मिळत नाही आणि खुद्द संशोधकालाही आपण चार-पाच वर्षे नेमके काय शोधीत होतो हे सांगता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या संशोधकाने पहिल्या वर्षात काय साधावे, याचा विचार येथे केला आहे. संशोधनपद्धतीवरील सर्वसाधारण ग्रंथांत आढळणारी माहिती पुन्हा देण्यापेक्षा, याच प्रदेशातील काही संहितांची उदाहरणे घेऊन 'विषया'चे 'प्रश्ना'त रूपांतर कसे होते हे दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल असे वाटते. पहिल्या वर्षाचे खरे काम हेच रूपांतर होय, ही या लेखाची भूमिका आहे.

२. नोंदणीची चौकट

प्रथम चौकट समजून घेणे अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती आणि संशोधनासाठी नाव नोंदवावयाचे म्हणजे पुण्याची वाट धरणे क्रमप्राप्त होते. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिला लिहिता-वाचता येत नव्हते अशा स्त्रीच्या नावाच्या विद्यापीठात आपण विद्यावाचस्पती होऊ पाहतो, ही गोष्ट नव्या संशोधकाने विसरू नये. तिच्याकडे आपण पुढे पुन्हा येणारच आहोत.

१९९० च्या दशकात पीएच्. डी.ची नोंदणी ही मुख्यतः मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यामधील बाब होती. आज तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९, २०१६ व २०२२ च्या विनियमांनी तिला निश्चित टप्पे दिले. २०२२ च्या विनियमांनुसार नेट किंवा प्रवेश परीक्षा यांमधून प्रवेश मिळतो. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. किमान मुदत ३ वर्षांची व सर्वसाधारण कमाल मुदत ६ वर्षांची असते. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवून मिळू शकतात. स्त्री संशोधकांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ इतकेच विद्यार्थी असू शकतात. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात प्रगती मांडावी लागते. याच विनियमांनी एम. फिल्. बंद केले. पूर्वी एम. फिल्.च्या लघुप्रबंधात हात बसत असे. ती पायरी आता राहिलेली नाही. एम. ए.नंतर विद्यार्थी थेट मोठ्या कामाला भिडतो. पहिल्या वर्षाचे महत्त्व म्हणूनच पूर्वीपेक्षा वाढले आहे.

ही चौकट शिस्त लावते; परंतु ती प्रश्न देत नाही. अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळविले, आराखडा मंजूर झाला, एवढ्याने संशोधन सुरू झाले असे मानणे ही दुसरी गैरसमजूत होय.

३. विषय आणि प्रश्न यांतील भेद

आपल्याकडील प्रबंधांची शीर्षके पाहिली तर एक साचा वारंवार आढळतो : अमुक लेखकाच्या साहित्याचा चिकित्सक अभ्यास, अमुक कालखंडातील ग्रामीण कादंबरी : स्वरूप आणि विशेष. या शीर्षकांत चूक काही नाही. परंतु ती क्षेत्र सांगतात, शोध सांगत नाहीत. शेताच्या चतुःसीमा सांगितल्या म्हणजे त्यात काय पेरावयाचे ते ठरले असे होत नाही, तसेच हे आहे. अशा शीर्षकाखाली लिहिलेल्या आराखड्यात लेखकाचे चरित्र, त्याची कथा, त्याची कविता, भाषाशैली आणि समारोप अशी प्रकरणे ओळीने येतात. कारण क्षेत्राची मोजणी करण्यास तोच क्रम सोयीचा असतो.

एखादा विषय प्रश्न झाला आहे किंवा नाही हे ओळखण्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली कसोटी : त्याचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी, असे वा तसे येऊ शकते काय? उत्तर आधीच ठरलेले असेल, म्हणजे 'अमुक लेखक थोर आहे' हेच शेवटी सिद्ध व्हावयाचे असेल, तर तो प्रश्न नव्हे. दुसरी कसोटी : ते उत्तर कोणत्या पुराव्याने ठरेल? तिसरी : तो पुरावा आपल्या हाती येण्याजोगा आहे काय?

एक उदाहरण घेऊ. बालकवींचा जन्म १८९० मध्ये धरणगावचा आणि त्यांचा मृत्यू १९१८ मध्ये जळगावनजीक भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात झालेला; साहजिकच खानदेशातील विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो. 'बालकवींची निसर्गकविता' हा विषय घेऊन तो येतो. या विषयावर मराठीत इतके लिहून झाले आहे की नव्याने सांगण्यासारखे हाती फारसे लागू नये. परंतु १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले होते आणि त्याच संमेलनात या तरुण कवीला 'बालकवी' ही उपाधी मिळाली, ही वस्तुस्थिती समोर ठेवून विचारता येते : अशा संमेलनांत कविता कशी म्हटली जात होती? ती ऐकण्यासाठी लिहिली जात होती की वाचण्यासाठी? जाहीर वाचनाचा त्या काळच्या छंदांवर व रचनेवर काही परिणाम झाला काय? येथे उत्तर आधी ठरलेले नाही. पुरावा त्या काळची नियतकालिके, वृत्तांत व पत्रव्यवहार यांत शोधता येईल. आणि त्या शोधाची सुरुवात जळगावच्याच ग्रंथालयातून करता येईल. कवी तोच आहे, जिल्हाही तोच आहे. परंतु क्षेत्राच्या जागी प्रश्न आला आहे.

४. बहिणाबाईंची गाणी : संहिता हाती कशी आली?

आता अधिक अवघड उदाहरण पाहू. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेवर काम करण्याची इच्छा असणारे विद्यार्थी खानदेशात दरवर्षी भेटतात. बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये असोदे येथे झाला. विवाहानंतर त्या जळगावला आल्या. तरुणपणीच वैधव्य आले. घर आणि शेत यांच्या कामात आयुष्य गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या निरक्षर होत्या. काम करताना त्या जी गाणी रचीत व म्हणत ती त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, व आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून ठेवली. त्यांच्या मृत्यूनंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढील आवृत्त्यांत गाण्यांची भर पडली.

ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. प्रबंधात ती पहिल्या प्रकरणात येते आणि दुसऱ्या प्रकरणापासून अभ्यासक ती विसरून जातो. जणू बहिणाबाईंनी टेबलाशी बसून कविता लिहिली आणि छापावयास दिली. वस्तुतः या हकीकतीतच प्रश्नांचा साठा आहे. गाणे ज्या क्षणी म्हटले गेले आणि ज्या क्षणी उतरविले गेले, त्यांत किती अंतर होते? उतरवणारा स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारा कवी होता. उच्चार लिपीत आणताना त्याने कोणते निर्णय घेतले? एकच शब्द निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रीतीने लिहिला गेला आहे काय? गाण्यांना शीर्षके कोणी दिली? कडव्यांचा क्रम गाणाऱ्या स्त्रीचा की संपादकाचा? १९५२ ची आवृत्ती आणि नंतरच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर कोणते फरक दिसतात? १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटातून काही गाणी महाराष्ट्रभर पोहोचली. ध्वनिमुद्रिकेवर आलेले रूप आणि छापील रूप एकच आहे काय?

या प्रश्नांनी बहिणाबाईंचे मोठेपण उणावते, अशी भीती काहींना वाटते. ती निराधार आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी आदर असणे म्हणजे ती प्रतिभा कोणकोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आली याची चौकशी न करणे नव्हे. उलट, निरक्षर स्त्रीच्या वाणीला कागदावर येण्यासाठी काय काय सोसावे लागते, काय गाळले जाते आणि काय टिकते, हे समजल्याखेरीज तिचा खरा सन्मान होत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. 'बहिणाबाईंची अहिराणी कविता' असा शब्दप्रयोग लेखांतून व क्वचित प्रबंधांतूनही आढळतो. तो तपासून घ्यावयास हवा. अहिराणीचा मुख्य प्रदेश पश्चिम खानदेश, म्हणजे धुळे, साक्री, शिंदखेडे, अमळनेर, चाळीसगाव आणि लगतचा बागलाण-मालेगावकडील भाग हा होय. बहिणाबाईंची भाषा पूर्व खानदेशातील लेवा समाजाच्या बोलीशी निगडित आहे. तिचे वऱ्हाडीशी जवळचे नाते आहे. फरक ऐकूनही ओळखता येतो. अहिराणीत षष्ठीला 'घरना', 'घरनी' अशी रूपे होतात आणि 'आहे'च्या जागी 'शे' येते. लेवा बोलीत षष्ठीचा 'चा-ची' टिकून आहे आणि 'ळ'च्या जागी 'य' होऊन 'काळा'चे 'काया' होते. जो संशोधक दोन्ही बोलींना सरसकट 'खानदेशी' म्हणून मोकळा होतो तो पहिल्याच पानावर आपला पुरावा पुसून टाकतो. येथे गावचा विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या अभ्यासकापेक्षा पुढे असू शकतो. मात्र 'आम्हांला हे माहीतच आहे' एवढ्यावर न थांबता त्याने आपल्या कानांना ठाऊक असलेला भेद नियमांत मांडून दाखविला पाहिजे.

५. धुळ्याचे दोन धडे

बहिणाबाईंच्या गाण्यांत बोलणारी एक आणि लिहिणारे दुसरे, अशी जी स्थिती आहे ती अपवादात्मक नाही. खानदेशाच्या पश्चिम भागात, धुळ्याला, तिचे दुसरे ठळक उदाहरण आहे. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, ज्यांनी त्यापूर्वी अमळनेरच्या शाळेत अध्यापन केले होते. 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ आज विनोबांचा म्हणून वाचला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला येथेही थांबून विचारता येते : या गद्याची लय बोलणाऱ्याची किती आणि टिपून घेणाऱ्याची किती? विनोबांनी स्वतः लिहिलेले गद्य आणि साने गुरुजींचे स्वतंत्र लेखन ही दोन्ही तुलनेसाठी उपलब्ध आहेत. म्हणजे हा प्रश्न केवळ तर्काचा नाही, वाक्यरचनेच्या तपासणीने त्याच्याकडे जाता येते. बहिणाबाईंच्या बाबतीत घरातील माणसे टिपून घेत होती. येथे तुरुंगातील सहबंदी टिपून घेत होता. दोन्हीकडे संहिता ही दोन व्यक्तींच्या मधोमध जन्मास आली.

धुळ्याचा दुसरा धडा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा आहे. १८६३ मध्ये जन्मलेल्या राजवाड्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्यामागे अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांचा व पोथ्यांचा मोठा संग्रह या संस्थेत जतन केलेला आहे. १८९८ पासून निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या बावीस खंडांमागे गावोगावची पायपीट होती. दप्तरे माळ्यावर, कणगीशेजारी, वाण्याच्या दुकानी रद्दीत पडलेली असताना ती मिळविणारा हा संशोधक आपले लेखन कटाक्षाने मराठीत करीत राहिला. नव्या संशोधकाने पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी धुळ्याला जाऊन हा संग्रह पाहावा. तद्वतच शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर पाहावे. रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते तेथे आहेत. छापील पुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हस्तलिखित म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

परंतु राजवाड्यांकडून एक सावधगिरीही शिकावयाची आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्याही आधीची म्हणून, बीडकडील पाटांगण येथे मिळालेल्या एका पोथीच्या आधारे राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ते व्याकरण मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासातील महत्त्वाचे काम आहे. मात्र ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. परिणामी त्यांचा सिद्धान्त मान्य करणारे आणि नाकारणारे, दोघेही छापील पाठावरच भांडत राहिले. यातील बोध स्पष्ट आहे. संशोधकाचा निष्कर्ष कितीही तेजस्वी असला तरी ज्या पुराव्यावर तो उभा आहे तो पुरावा दुसऱ्याला तपासता येईल अशा ठिकाणी ठेवला नाही, तर ज्ञान पुढे सरकत नाही. राजवाड्यांसारख्या माणसाच्या बाबतीत जे घडले ते आपल्या बाबतीत घडू नये, ही दक्षता पहिल्या दिवसापासून घ्यावयाची असते.

६. बोलीतील सामग्री आणि क्षेत्रकार्य

एखादी विद्यार्थिनी संकोचाने विचारते, 'आमच्या आजीच्या गाण्यांवर पीएच्. डी. होते का?' या प्रश्नामागे बोलीकडे पाहण्याची आपली सगळी शैक्षणिक परंपरा उभी असते. शाळेत जी भाषा अशुद्ध म्हणून खोडली गेली तिच्यावर विद्यापीठात प्रबंध लिहावयाचा, हे तिला खरे वाटत नाही. तिला निःसंदिग्ध उत्तर दिले पाहिजे : होते, परंतु ती आजीची गाणी आहेत म्हणून होत नाही, त्या गाण्यांविषयी विचारण्याजोगा प्रश्न आहे म्हणून होते.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न होता १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात झाला. जनगणनेतही खानदेशी ही मराठीपासून वेगळी मोजली जाते. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८.६ लाख होती. मराठीचे अभ्यासक मात्र तिला मराठीची बोली म्हणून शिकवितात. या दोन वर्गीकरणांमागील कसोट्या कोणत्या, हा प्रश्न अजूनही नव्याने विचारण्याजोगा आहे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्या अहिराणी शब्दकोशासारखी कामे झाली असल्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

वाङ्मयीन सामग्रीही विपुल आहे. आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून म्हणतात ती गौराईची गाणी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईची गाणी, डफावर होणारे वहीगायन, सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांचे मौखिक वाङ्मय, ही सर्व सामग्री अंगणात आहे. पण तिच्याविषयी एक कटू सत्य ध्यानी घ्यावे. हस्तलिखित आणखी दहा वर्षे वाट पाहू शकते. गाणारी म्हातारी पाहू शकत नाही. आराखडा मंजूर होण्याची वाट पाहत एक आखाजी गेली तर पुढच्या आखाजीला ती बाई भेटेलच असे नाही. म्हणून संकलन पहिल्याच वर्षी सुरू करावे, विश्लेषण मागून करता येते.

संकलनाची किमान शिस्त अशी : प्रत्येक गाण्यासोबत गाणाऱ्या व्यक्तीचे गाव, अंदाजे वय, माहेर व सासर यांची नोंद असावी. स्त्रिया लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात आणि गाणे त्यांच्यासोबत जाते. केवळ सासरचे गाव नोंदविले तर बोलीचा नकाशा चुकतो. गाणे कोणत्या प्रसंगी ऐकले, खरोखर सणाच्या वेळी की संशोधकाने विनंती केली म्हणून, हे लिहावे. ध्वनिमुद्रणासाठी संमती घ्यावी व ते कशासाठी वापरले जाईल हे त्यांच्याच भाषेत समजावून सांगावे. मोबाइलमुळे ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे, परंतु एकाच यंत्रात ठेवलेले मुद्रण हे पाटांगणच्या पोथीसारखेच असते. त्याच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात व त्यांतील एक विभागाकडे द्यावी. लिप्यंतर करताना प्रमाण लेखनाच्या मोहाने रूपे 'सुधारू' नयेत. 'शे' लिहावे की 'से', याविषयी अहिराणी लेखकांतही एकवाक्यता नाही. संशोधकाने जे ऐकले ते लिहावे, आपण कोणता संकेत पाळला हे आरंभी सांगावे आणि तो शेवटपर्यंत पाळावा. सोपानदेवांच्या वहीविषयी जे प्रश्न आपण चौथ्या विभागात विचारले ते उद्या कोणीतरी आपल्या वहीविषयी विचारणार आहे, याचे भान ठेवले म्हणजे बहुतेक चुका टळतात.

७. पहिल्या वर्षाची आखणी

वरील विवेचनाच्या आधारे पहिल्या वर्षाचे ढोबळ नियोजन सुचविता येते. पहिल्या तीन महिन्यांत क्षेत्र ठरवून त्यातील मूळ संहिता वाचाव्यात, समीक्षा नंतर. आधी समीक्षा वाचणाऱ्याला दुसऱ्याचे मत हेच आपले वाचन वाटू लागते. याच काळात 'शोधगंगा' या संग्रहातून आपल्या क्षेत्रातील पूर्वीचे प्रबंध पाहावेत. पूर्वी यासाठी पुणे, औरंगाबाद, नागपूर येथील ग्रंथालयांत खेटे घालावे लागत. आता अनेक प्रबंध गावात बसून वाचता येतात. मात्र ते पाहावयाचे ते अनुकरणासाठी नव्हे, तर काय झाले आहे आणि कोठे थांबले आहे हे समजण्यासाठी. दुसऱ्याचा मजकूर उचलणे हा गुन्हा आहेच. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दहा टक्क्यांवरील साम्यासाठी टप्प्याटप्प्याने कारवाई ठरवून दिली आहे. पण शब्द बदलून दुसऱ्याचाच विचार मांडला तर तो संगणकाला न सापडताही उचलेगिरीच राहतो.

पुढील तीन महिन्यांत पुराव्याची ठिकाणे धुंडाळावीत : धुळे व जळगाव येथील संग्रह, जुन्या नियतकालिकांचे अंक, लेखकांच्या घरची कागदपत्रे, आणि विषय बोलीचा असल्यास गावे. सहाव्या महिन्याच्या अखेरीस आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि तो मराठीचा अभ्यासक नसलेल्या, परंतु समंजस अशा व्यक्तीला वाचून दाखवावा. तिला तो कळला नाही तर बहुधा तो आपल्यालाही कळलेला नसतो. उरलेल्या सहा महिन्यांत पंधरा-वीस पानांचा एक नमुनालेख लिहावा. तो प्रबंधाचे प्रकरण होईलच असे नाही. परंतु हाती आलेल्या पुराव्यातून प्रश्नाला उत्तर मिळू शकते की नाही, हे त्यातून समजते. मिळत नसेल तर प्रश्न बदलण्याची हीच वेळ असते. पहिल्या वर्षी प्रश्न बदलणे हे अपयश नव्हे. चौथ्या वर्षी मात्र तो बदलता येत नाही.

मार्गदर्शकाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. गुरूविषयीचा आदर ही आपल्या परंपरेतील मोलाची गोष्ट आहे. परंतु मतभेद न दाखविणे म्हणजे आदर नव्हे. मार्गदर्शकाने आपला अपुरा राहिलेला विषय विद्यार्थ्याच्या माथी मारू नये आणि विद्यार्थ्याने आपल्या विचाराचे ओझे मार्गदर्शकावर टाकू नये. महिन्यातून एकदा लिहिलेली चार पाने घेऊन भेटणे हे रिकाम्या हाताने आठ वेळा भेटण्यापेक्षा हिताचे असते.

आर्थिक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. खानदेशातील अनेक संशोधक घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले असतात. कापूस-केळीच्या हंगामावर घर चालते, किंवा तासिका तत्त्वावर शिकवून ते स्वतः घर चालवीत असतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांची माहिती नोंदणीपूर्वीच मिळवावी. पीएच्. डी. म्हणजे नोकरी नव्हे, हेही घरी आधीच सांगितलेले बरे. जो केवळ पात्रतेसाठी आला आहे त्यालाही प्रश्न सापडू शकतो. पण आपण कशासाठी आलो आहोत हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

८. समारोप

सारांश, क्षेत्र निवडणे, त्यातील संहिता आपल्या हाती कशी आली याची चौकशी करणे, त्या चौकशीतून प्रश्न निश्चित करणे आणि पुरावा इतरांना तपासता येईल अशा रीतीने जतन करणे, ही पहिल्या वर्षाची चार कामे होत. बहिणाबाईंची गाणी, विनोबांची प्रवचने आणि राजवाड्यांची पोथी या तीन उदाहरणांत एक समान सूत्र आहे : वाणी आणि लेखन यांच्यामध्ये नेहमी एक मध्यस्थ असतो आणि त्याच्या कामाची नोंद राहिली नाही तर पुढचा अभ्यासक आंधळा होतो. खानदेशात हे सूत्र विशेष ठळक आहे, कारण येथे आजही पुष्कळसे वाङ्मय बोलण्यात आहे, कागदावर नाही. आजचा नवा संशोधक हा त्या वाङ्मयाचा पुढचा मध्यस्थ आहे. 'सर, विषय द्या' या विनंतीला विभागाने म्हणूनच असे उत्तर द्यावे : प्रथम आपल्या गावी जा, काय ऐकू येते ते लिहून आणा आणि ते लिहिताना काय काय निसटले तेही लिहून आणा. प्रश्नाची सुरुवात तेथून होईल.